बिनखिळ्याच्या भिंती

माझ्या वडिलांनी जन्मात एकच गुंतवणूक केली आणि तिला कुलूप आहे. धुळ्याच्या पुढे एस.टी.च्या फाट्यावर उतरून आत चालत गेलं की आमचं गाव लागतं. गावात शिरताना डाव्या हाताला पहिलं दोन मजली घर दिसतं ते आमचं. रंग आंब्याच्या आइस्क्रीमचा. पुढे स्टीलचं रेलिंग, वर बाल्कनी, दारावर संगमरवरात कोरलेला गणपती. गावातली माणसं पाहुण्यांना पत्ता सांगताना ‘सुरतवाल्याच्या बंगल्यापासून वळा’ असं सांगतात. आई, वडील आणि मी, आम्ही तिघं त्या बंगल्यात आजवर जितके दिवस राहिलो असू, त्याहून जास्त दिवस तिथे माझ्या काकांचा कापूस राहिला आहे.

आम्ही राहायचो सुरतला, गोडादऱ्यात. एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर, तळमजल्यावर, भाड्याचं. वडील लग्न झाल्या झाल्या इथे आले आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात लागले. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी. आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. मार्केटातून गठ्ठे यायचे, ती पाय पसरून भिंतीला टेकायची आणि एकेक साडी मांडीवर घ्यायची. मी इथेच जन्मले, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, आणि आता रिंग रोडवरच्या एका साड्यांच्या पेढीत बिलं बनवते. लग्नाचं विचारू नका, गावाकडचे लोक पुरेसं विचारतात.

त्या खोलीतला पहिला नियम असा की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. घरमालकांनी असं कधीच म्हटलं नव्हतं. ते वरच्या मजल्यावर राहणारे काठियावाडी काका होते, उन्हाळ्यात आम्हाला तांब्याभर ताक पाठवणारे. नियम वडिलांचा होता. “दुसऱ्यानी भिंत शे,” ते अहिराणीत म्हणायचे. “आपले काय आठे जनमभर ऱ्हावानं शे का?”

त्यामुळे आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असायचं, वडिलांचे शर्ट दोरीवर, आणि आरसा फळीवर भिंतीला टेकून ठेवलेला. फळी होती कमरेच्या वर थोडीशी. आई रोज सकाळी वाकून कुंकू लावायची. पुढे तिच्या पाठीचं दुखणं सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी टिकल्यांच्या कामाला दोष दिला. मी अजूनही त्या आरशालाही देते.

आईला ती खोली हवी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं त्याभोवतीच घडलं. तिला बंगला नको होता, बाल्कनी नको होती, ओट्याला काळा दगडसुद्धा नको होता. तिला हीच खोली, याच गल्लीत, पण स्वतःची हवी होती. समोरच्या घरातली बाई तिच्याकडे हक्काने दही मागायची, कोपऱ्यावरचा भाजीवाला तिला शेवटची मेथी राखून ठेवायचा. ज्या गावात तिला लग्नानंतर दोन महिनेसुद्धा कोणी राहू दिलं नव्हतं, त्या गावाला ‘आपलं’ म्हणायची तिला सवयच लागली नव्हती.

वडिलांना गाव हवं होतं आणि त्याचं कारण देव होता. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. सुरतमध्येही खानदेशी लोक तिला वाजतगाजत बसवतात, पण आमच्या भाऊबंदकीची कानबाई गावातच बसते आणि जो तो जिथे असेल तिथून त्या दिवशी गावी येतो. प्रसादाच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एकेक मूठ गहू घालतात. तो गहू एकत्र दळला जातो, त्याचे रोट होतात, आणि ते घरच्यांनीच खायचे असतात. वडील भावांत थोरले होते, म्हणजे देव त्यांच्या घरी बसायला हवा होता. पण आमच्या वाट्याची मातीची खोली कधीच पडली होती, तेव्हा कानबाई काकांकडे बसायची आणि आम्ही पाहुण्यांसारखे जायचो.

मी शाळेत असतानाची गोष्ट. रोट खायला सगळे बसले होते. भाऊबंदकीतले एक म्हातारे माझ्या वडिलांकडे बघून म्हणाले, “सुरतवाला जेवाले येतंस, दिवा लावाले येतंस नही.” चारचौघं हसली. वडीलही हसले. मग त्यांनी पानातला रोट संपवला आणि हात धुतले. परतीच्या गाडीत, नवापूर गेल्यावर, खिडकीबाहेर बघत ते आईला म्हणाले, “घर बांधानं शे. कानबाई मना घर बसाले जोयजे.”

तिथून पुढे आमच्या घरात दिवाळी येणं बंद झालं. म्हणजे फटाके, कपडे, फराळ यायचा थोडाफार, पण बोनसचा पैसा हातात पडला की गावी जायचा. एका दिवाळीला जोतं झालं. एका दिवाळीला विटा आल्या आणि वर्षभर काकांच्या अंगणात पडून राहिल्या, त्यातल्या काही काकांच्या गोठ्याला लागल्या. एका दिवाळीला कॉलम उभे राहिले. मला सायकल पाहिजे होती तेव्हा वडिलांनी मला कॉलमचा फोटो दाखवला होता. मी बारा-तेरा वर्षांची असेन. चार खांब आणि वर आभाळाकडे तोंड करून गंजत चाललेल्या सळया. वडील म्हणाले, “हाई दख, तुनी खोली आठे व्हई.” मला त्या फोटोत खोली काही दिसली नाही.

सळया गंजत होत्या त्याच सुमारास काठियावाडी काका खाली आले. त्यांचा मुलगा दुसरीकडे मोठं घर बांधत होता आणि त्यांना तळमजल्याचा आमचा भाग विकायचा होता. दारातच उभं राहून ते आईला म्हणाले, “बेन, तमे ज लई लो. थोडा अभी दो, बाकी धीमे धीमे आपजो. तुम तो घर के माणस छो.” त्यांनी सांगितलेली किंमत आज मी कोणाला सांगितली तर ती चेष्टा वाटेल. तेवढ्या पैशांत आज गोडादऱ्यात मोटरसायकल लावायची जागा मिळणार नाही.

आणि योगायोग असा की त्याच महिन्यात आईची भिशी लागली. गल्लीतल्या बायका दर महिन्याला ठरलेले पैसे काढायच्या आणि जिची चिठ्ठी निघेल ती सगळी रक्कम घ्यायची. आईने टिकल्यांच्या कमाईतून भरली होती. पैसे घेऊन ती घरी आली ते मला आठवतं. तिने ते साडीच्या रिकाम्या खोक्यात ठेवले, खोकं ओट्याखाली सरकवलं, आणि कधी नाही ते चहात दूध जास्त घातलं. काठियावाडी काकांना पहिली रक्कम द्यायला तेवढं पुरलं असतं.

संध्याकाळी गावाहून काकांचा फोन आला. सेंट्रिंगवाला मोकळा आहे, वाळू स्वस्त लागली आहे, पावसाआधी स्लॅब पडला नाही तर सळया वाया जातील. वडिलांनी फोन ठेवला आणि आईकडे बघितलं. त्यांना खोक्याचं माहीत होतं. त्या खोलीत काही लपवायला जागाच नव्हती.

“लोखंड गंजी जाई,” ते म्हणाले. “लोक हासतंस.”

आई म्हणाली, “मनं घर आठे शे.”

वडील रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, आई भांडली असती, मला तिची जीभ माहीत आहे. ते हसले. समजूत काढल्यासारखे म्हणाले, “हाई का घर शे? हाई तं खोली शे. घर मी तुले दखाडसू.” मग ते वर गेले आणि काठियावाडी काकांना हात जोडून म्हणाले, “काका, हम तो दो-चार साल में गाँव चला जाएगा.” ही दोन-चार वर्षं माझ्या जन्माआधीपासून चालू होती.

स्लॅबच्या दिवशी आम्ही गावी होतो. स्लॅब पडतो तेव्हा मजुरांना गोड जेवण द्यायची पद्धत आहे. आईने अंगणात चुलीवर मोठ्या कढईत शिरा केला. तिच्याच पैशांचं सिमेंट वर चढत होतं आणि ती खाली रवा भाजत होती. शिरा उत्तम झाला होता, सगळ्यांनी मागून घेतला. माझ्या हातात उलथनं असतं तर मी तो जाळला असता.

घर पुरं व्हायला आणखी बरीच वर्षं लागली. दुसरा मजला का, हे मी एकदा विचारलं होतं. काकांच्या घराला एकच होता, हे त्याचं उत्तर. वास्तुशांत झाली आणि त्या श्रावणात कानबाई आमच्याकडे बसली. तेवढं मी मान्य करते की त्या रविवारी माझ्या वडिलांइतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही. नवं धोतर, नवी टोपी, आणि दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला ‘या, या, वर बी जाई या’ म्हणत होते. भाऊबंदकीतले ते म्हातारेही आले होते. त्यांना हाताला धरून वडिलांनी जिना चढवला. सोमवारी देवी नदीवर गेली, मंगळवारी आम्ही घर झाडलं, कुलूप लावलं, किल्ली काकांकडे दिली आणि सुरतच्या उधना स्टेशनला उतरून बुधवारी वडील पाळीवर गेले. त्या घरातसुद्धा त्यांनी कोणाला खिळा ठोकू दिला नाही, कारण रंग नवा होता.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी मोबाईलवरून म्युच्युअल फंडाचा हप्ता सुरू केला. पेढीत शेजारच्या टेबलावरची मुलगी करायची, तिने दाखवलं. दर महिन्याला पगारातून थोडे पैसे आपोआप कापले जायचे. मी मोठ्या उत्साहाने वडिलांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली, फोन उलटा करून मागूनही पाहिला.

“पैसा डोयाले दिसाले जोयजे,” ते म्हणाले. “मोबाईलमा दिसस तो काय पैसा शे?”

“आबा, तुमच्या घराचं भाडं किती येतं?”

“भाडं?” त्यांना खरोखर धक्का बसला. “देवनं घर शे ते. भाड्यावर देसू का?”

“मग त्या घराचा उपयोग काय?”

“गावमा दिसस.”

हे खरं होतं. ते दिसतंच. फाट्यावरून दिसतं.

मला त्या दिवसांत वडिलांचा फार राग यायचा आणि अजूनही येतो, पण त्यांना मूर्ख म्हणणाऱ्याचाही येतो. ते दारू प्यायले नाहीत, आकडा लावला नाही, तंबाखूसुद्धा सोडली. मिळवलेल्यातलं निम्म्याच्या वर त्यांनी बाजूला टाकलं, तेही लूमच्या मजुरीत. पैसे वाढवायचे कसे हे शिकवणारे लोक आता मोबाईलवर रोज जे सांगतात, ते सगळं माझा बाप न शिकता करत होता. दरवर्षी ठरलेली रक्कम, मध्ये मोडायची नाही, धीर धरायचा. फक्त ज्यात घातलं ते भाडं देत नव्हतं, विकलं जात नव्हतं आणि तिथे आम्ही नव्हतो. आमच्या गल्लीत अशी माणसं घरटी एक आहेत. इथे पत्र्याखाली राहतात आणि गावाकडे त्यांच्या टाइल्सवर कोंबड्या फिरतात. कोणालाही विचारा, दोन-चार वर्षांत गावी जायचं आहे.

लूम बंद पडायला लागले तेव्हा वडील पलसाण्याला रंगाच्या मिलमध्ये लागले. तिथे गरम रंगाची वाफ दिवसभर अंगावर यायची. घरी आले की नाक शिंकरायचे आणि रुमाल कधी निळा, कधी गुलाबी व्हायचा. ते आधी हसायचे, की आज कोणत्या साड्या निघाल्या ते आईला रुमालावरून कळेल. मग खोकला राहिला. मग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालणं अवघड झालं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि फुफ्फुसं आता इतकीच राहिली आहेत असं सांगितलं. वडील ठेकेदाराचे माणूस, मिलच्या हजेरीवर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. फंड नाही, विमा नाही. पंधरा वर्षं हात लावायचा नाही असं ठरवून मी घातलेले पैसे तिसऱ्या वर्षी काढले. बाजार नेमका पडलेला होता, घातले त्याहून कमी हातात आले आणि ते ऑक्सिजनच्या मशीनमध्ये गेले. वडिलांना हसणारी मी, माझी हुशारी तेवढीच टिकली. आजारपणाचे पैसे वेगळे ठेवावे लागतात हे मला तेव्हा कळलं, आणि कळण्याची किंमत मोजून झाली होती.

त्याच वर्षी काठियावाडी काका गेले; आमचा भाग त्यांनी दुसऱ्या कोणाला विकला नव्हता. मुलांनी सगळं घर विकायला काढलं. थोरला आमच्याकडे आला, चांगला मुलगा, म्हणाला, “मासी, पहला हक तमारो.” मग त्याने भाव सांगितला. आईने मान हलवली, जसं काही ती विचार करून सांगणार होती. तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ डबे पुसत राहिली.

वडिलांनी ते पाहिलं. दोन दिवसांनी ते मला म्हणाले, गावी जाऊ, घर इकी टाकसू. बंगला विकायचं ते स्वतः म्हणत होते. त्यांनी मशीनची नळी नाकातून काढून गुंडाळली, म्हणाले, तासभर त्याच्याशिवाय चालतं. तासभर चालायचंही नाही, पण भाड्याचा छोटा सिलिंडर बरोबर घेऊन आम्ही गेलो.

काकांच्या ओट्यावर माणसं जमली. वडिलांनी घर विकायचं सांगितलं. मग काका म्हणाले, “भाऊ, कानबाई बसनी ते घर कोन इकस?” दुसऱ्याने विचारलं, घ्यायला आहे कोण? गावातली तरणी माणसं सुरतला, पुण्याला, आणि जी आहेत त्यांना त्यांचं घर आहे. जागा अजून आजोबांच्या नावावर, सगळ्या भाऊबंदांचं त्यावर नाव लागणार, म्हणजे त्यावर बँक कर्जही देणार नाही. इतकी वर्षं घर बांधताना कागदाचं कोणी विचारलं नव्हतं. देवाच्या घराचा कागद कोण मागणार?

दुपारी एक माणूस मात्र आला. शेजारच्या गावात तो घर बांधत होता. त्याने आमच्या घराला चक्कर मारली, भिंतीवर टकटक केलं, वर जाऊन आला आणि वडिलांना विचारलं, स्टीलचं रेलिंग, खिडक्यांची ग्रिल आणि दारं तेवढी द्याल का? टाइल्स निघाल्या तर त्याही बघतो. बाकीचं त्याच्या कामाचं नव्हतं.

वडील पायरीवर बसले होते. ते म्हणाले, “नही भाऊ. ऱ्हाऊ दे.” परतीच्या गाडीत ते दम लागल्यामुळे बोलत नव्हते असं मी स्वतःला सांगत होते.

खोली सोडायला महिना उरला होता. एका सकाळी वडिलांनी मला कोपऱ्यावरच्या दुकानातून खिळे आणायला सांगितले. हातोडी वरच्या मजल्यावरून मागून आणली. ते स्टुलावर चढू शकत नव्हते, पण आई उभी राहिली की तिच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर त्यांचा हात पोचत होता. दोन घाव घालायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे. प्लास्टरचा चुरा त्यांच्या बनियनवर पडला. मी मदत करायला गेले तर त्यांनी हातानेच अडवलं. खिळा पक्का झाला का ते ओढून पाहिलं आणि फळीवरचा आरसा त्यावर टांगला.

“आते उभी ऱ्हाईसन दख,” ते आईला म्हणाले.

आई समोर उभी राहिली. बराच वेळ तिने स्वतःकडे पाहिलं. मग पदराने आरशाच्या कडेचं प्लास्टर पुसलं आणि म्हणाली, थोडा डावीकडे कलला आहे. वडिलांनी सरळ केला. त्या खोलीतले उरलेले दिवस ती उभं राहून कुंकू लावत होती. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी तेवढ्यात दूध आणायला जायचे.

आम्ही सुरतमध्येच डिंडोलीत दुसरी भाड्याची खोली घेतली आणि वडील तिथे राहिलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. सामान लागायच्या आत त्यांना सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. शेवटच्या दिवशी ते आईला म्हणाले, “माले गाव लई जा.” ते जिवंतपणीचं म्हणत होते की नंतरचं, ते आम्हाला कळलं नाही. आम्ही नंतर नेलं.

घर उघडलं. काकांनी कापूस हलवला होता, पण सरकी सगळीकडे सांडलेली होती. त्या बंगल्यात एवढी माणसं मी फक्त कानबाईला पाहिली होती. वरच्या मजल्यावर बायका, खाली पुरुष, बाल्कनीत मुलं. तेराव्यापर्यंत येणारा प्रत्येक जण खांबावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, काय घर बांधलं माणसाने. काकांच्या मुलाने ड्रिल मशीन आणून हॉलमध्ये वडिलांचा हार घातलेला मोठा फोटो लावला. त्या भिंतीला पडलेलं ते पहिलं भोक.

सगळं उरकल्यावर काका आईला म्हणाले, “वहिनी, आते आठेच ऱ्हा. इतलं मोठं घर शे.” मला वाटलं, निदान आता तरी ते घर कोणाच्या तरी उपयोगाला येईल. आई राहिलीही. मी सुरतला आले, ती तिथे दोन मजल्यांत एकटी. फोनवर म्हणायची, ठीक आहे. मग म्हणायला लागली, टिकल्यांचं काम नाही, हात रिकामे राहतात. मग म्हणाली, बोलायला कोणी येत नाही, येतात ते घर बघून जातात. मग श्रावण आला. काकांनी तिला सांगितलं की यंदा सुतक म्हणून, आणि पुढेही, देव त्यांच्याकडेच बसेल. पूजेला जोडपं लागतं. आणि रोटांच्या गव्हात आमच्या घराच्या नावाने घालायला आता मूठच उरली नव्हती. पोरीच्या नावाने मूठ घालत नाहीत. हे काकांनी वाईट तोंडाने सांगितलं नाही, आमच्याकडे आहेच तसं.

आईने पिशवी भरली, कुलूप लावलं, किल्ली काकांना दिली आणि उधन्याला उतरून रिक्षाने डिंडोलीला आली. दारात मला म्हणाली, “तो देव बी गया मना हातमाईन.” त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा आवाज काढून रडताना ऐकलं.

डिंडोलीच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा असतो, दर वेळी नव्याने. भिंतीला खिळा मारायचा नाही असं त्यात लिहिलेलंच आहे. वडिलांचा छोटा फोटो फ्रिजवर उभा असतो. फ्रिज चालू झाला की तो हलत हलत पुढे येतो आणि आई येता-जाता त्याला मागे सारते. एकदा ती घरमालकिणीकडे गेली, म्हणाली एकच खिळा, फोटोपुरता. ती बाई वाईट नाही. पण नवीन पुट्टी होती. “मासी, पोपडा नीकळी जाय,” ती म्हणाली. आई परत आली आणि फोटोच्या खाली तिने जुन्या साडीची घडी घातली. आता तो जरा कमी सरकतो.

गेल्या पावसाळ्यात काकांचा फोन आला, गावच्या घराचा स्लॅब गळतो आहे, वरून वॉटरप्रूफिंग करावं लागेल. मी म्हटलं, गळू दे. आई म्हणाली, “धाडी दे. तुना बापना फोटो तठे शे.” त्या महिन्याची माझी बचत तिकडे गेली. म्हणजे तो स्लॅब आम्ही अजून भरतोच आहोत.

फंडाचा हप्ता मी पुन्हा सुरू केला आहे, पहिल्यापेक्षा लहान. आजारपणासाठी वेगळे पैसे ठेवते, आईच्या पाठीचं त्यातून होतं. एका रविवारी ती टिकल्या चिकटवत असताना मी तिला सांगितलं की हे जे कापले जातात ते सुरतमधल्या खोलीसाठी आहेत, छोट्या का होईना. तिने मान वर केली नाही. साडी उलटली आणि म्हणाली, “खोली लिशी ना, तं पह्यले खिया ठोक. सामान मंग आन.”

मी हो म्हटलं. किती वर्षं लागतील ते मी पेढीतल्या कॉम्प्युटरवर एकदा काढून पाहिलं आहे. दर दिवाळीला खोल्यांचे भाव चढतात ते धरून काढलं. आई आता पासष्टीला आली. तो आकडा मी तिला सांगितलेला नाही आणि तिनेही कधी विचारलेला नाही.